जिरं किती सेकंद?

४ फेब्रुवारी, दुपारी साडेतीन

भिंगरे,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र उघडलंसच नाहीस, तर प्रश्नच मिटला. पण उघडलंच आहेस तर आधी शेवटपर्यंत वाच आणि मग फाडायचं तर फाड. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, हे मला माहीत आहे. तूही लिहिली नाहीस. फिट्टंफाट. आता कामाचं बोलते.

बस डेपोत नवीन डॉक्टरीणबाई आल्यात. उंचीने एवढ्याशा, पण आवाज असा की त्यापेक्षा बसचा हॉर्न परवडला. त्यांनी आल्या आल्या सगळ्या ड्रायव्हरांना रांगेत उभं करून रक्तदाब, रक्त, वजन, सगळं तपासलं. एकेचाळीस जणांतले एकोणीस नापास. नापास म्हणजे आकडे खाली येईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, डेपोत बसून राहायचं. त्यात सात नंबरही आहे. सात नंबरच्या मार्गावर गाडी नेतो तो, लहानपणी तू स्वयंपाकघरभर गरगर फिरायचीस म्हणून ज्याने तुला भिंगरी हे नाव ठेवलं तो. रोज सकाळी इस्त्रीचा गणवेश घालून येतो आणि दिवसभर बाकावर बसतो. बघवत नाही गं.

मग बाई आपल्या भटारखान्यात आल्या. आईची चिली शिजत होती, तीच नेहमीची, राजमा, जाडा खिमा, टोमॅटो, लाल मिरची आणि वर बोटभर तवंग. बाईंनी वाटीभर घेतली आणि चाखायची सोडून तपासायला पाठवून दिली! आठ दिवसांनी साहेबांनी फळ्यावर कागद लावला, की १ एप्रिलपासून एका कंपनीचं बंद डब्यातलं जेवण येणार आणि भटारखाना बंद. मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसले ती उठलेच नाही. शेवटी २८ मार्चपर्यंतची मुदत मिळाली. एक पातेलं करून दाखवायचं, चरबी नावाला, कोंबडीचा खिमा, भाज्या भरपूर, मीठ निम्मं. बाईंच्या आकड्यांत बसलं आणि ड्रायव्हरांनी आवडीने खाल्लं, दोन्ही झालं, तर स्वयंपाकघर आपलं राहील. नाही तर किल्ल्या द्यायच्या. आईने सव्वीस वर्षं चालवलं, नंतर अकरा वर्षं मी.

तू एकदा असलंच पातेलं केलं होतंस. मी अंथरुणावर होते तेव्हाचं म्हणतेय. नऊ दिवस सगळ्यांनी ते चाटूनपुसून खाल्लं म्हणे. दहाव्या दिवशी जे झालं ते झालं, आत्ता ते उगाळत बसत नाही. मला फक्त कृती हवी आहे.

कोंबडीचा कुठला भाग? किती वेळ? जिरं किती सेकंद भाजायचं? लसूण किती सेकंद? आच केवढी? "खमंग वास सुटेपर्यंत" असलं काही लिहू नकोस, मला आकडे हवेत.

ताई


१३ फेब्रुवारी

भिंगरे,

उत्तर नाही. ठीक आहे. मी आपली माझी सांगत बसते, तुला वाचायला काय जातंय.

आज पहिल्यांदा करून बघितलं. कोंबडीच्या छातीचा खिमा आणला, चरबी पार काढलेला, आणि नेहमीसारखा कढत तेलात टाकून ढवळत राहिले. त्याला इतकं पाणी सुटलं की खिमा त्यात उकडून निघाला आणि मग त्याच्या गोळ्या झाल्या. एक खाली पडली तर टप्पा खाऊन वर आली, खोटं नाही सांगत. भाज्या मी सुरुवातीलाच घातल्या होत्या, ढोबळी मिरचीचं पार पोतेरं झालं. बत्तीस नंबर म्हणाला, "ताई, कोंबडी होती की तिच्या चपला?" एकानेही दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. सात नंबरने मात्र पूर्ण संपवलं. तो बिचारा मला वाईट वाटू नये म्हणून काहीही खाईल.

एक गंमत सांगते. दुपारी वेळ होता म्हणून मी चार ड्रायव्हरांचे डोळे बांधले, नाकं चिमट्यात धरायला लावली आणि किसलेलं सफरचंद, किसलेला कच्चा बटाटा आणि किसलेला कांदा एकेक चमचा भरवला. बत्तीस नंबर बटाटा खाऊन म्हणाला, सफरचंद जरा कच्चं आहे. दुसऱ्याने कांद्याला सफरचंद ठरवलं, वर म्हणतो कसा, तिखट जातीचं असेल! नाक सोडल्याबरोबर सगळे थू थू करत बेसिनकडे पळाले. मावशी, त्याच गं आपल्या भांडी घासणाऱ्या, हसून हसून जमिनीवर बसल्या. म्हणजे चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातलं जिभेचं किती आणि नाकाचं किती? मला याचा भारी नाद लागलाय. तुझ्या शाळेतल्या स्वयंपाकघरात मुलांवर करून बघ, तीनशे मुलांत चांगला अंदाज येईल.

आणि जिऱ्याचे सेकंद कळव. मी चाळीस मोजले तर मावशी म्हणाल्या जळलं, वीस मोजले तर म्हणाल्या कच्चं.

ताई


२२ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझी चिठ्ठी आली. शाळेच्या वहीचा अर्धा कागद, त्यावर तीन ओळी. "खिमा ढवळू नकोस. जिऱ्याचे सेकंद कोण विचारतं? तुला वास येत नाही का?"

मी तो कागद ॲप्रनच्या खिशात घालून अख्खी सकाळ कांदे चिरले. तुझ्या जिभेला हाड नाही हे मी आईला नेहमी सांगायचे. पण तुझं डोकं चालतं हे मात्र कधी बोलून दाखवलं नाही.

नाही येत. काहीच येत नाही. कुणाला सांगितलेलं नाही, फक्त मावशींना माहीत आहे. गॅसची नळी गळत होती आणि मी शेजारी उभी राहून काडी ओढणार, तेवढ्यात मावशींनी किंचाळून माझा हात धरला, तेव्हा त्यांना सांगावंच लागलं. तेव्हापासून त्या भांडी घासता घासता हुंगत असतात आणि काही लागलं-करपलं की पळीने ताटावर दोनदा वाजवतात. बाहेर वाटतं, मावशींची आदळआपट चाललीय.

विचारलंस म्हणून सांगते, कसं असतं ते. खारट कळतं, आंबट, गोड, कडू कळतं. मिरची तर छान कळते, कारण ती झोंबते, तिला नाकाची गरज नाही. बाकी सगळं गेलं. टोमॅटो म्हणजे ओलं आंबट. राजमा म्हणजे पीठ. कॉफी आणि गरम पाण्यात कडूपणाचाच काय तो फरक. सुरुवातीला रडू यायचं. मग एक दिवस कंटाळले रडायला आणि म्हटलं, बघू तरी काय काय उरलंय. कांद्याचं ऐकलंयस कधी? टाकल्यावर मोठ्याने चरचरतो, मग पाणी उडून गेलं की आवाज बारीक होतो आणि जरा वेळाने जवळजवळ गप्पच होतो. गप्प झाला की लाल व्हायला लागला. मला आता पाठ करूनसुद्धा कळतं. खिमा शिजला की पळीला वेगळा लागतो. पण जिरं काही बोलत नाही गं. तडतड ऐकू येईतो ते काळं होतं.

आणि आईचा ॲप्रन कपाटात आहे, घडी करून ठेवलेला. तू असतीस तर म्हटलं असतं, जरा बघ, अजून तिचा वास येतो का. मला कळायला काही मार्ग नाही.

हे मागच्या वर्षीपासून झालंय. सर्दी झाली होती मोठी. साहेबांना कळलं तर उद्याच हाकलतील, तेव्हा तूही कुणाला बोलू नकोस.

ताई


६ मार्च

भिंगरे,

चार पानं! पाठपोट! आणि आकडे! तुझ्या हातचं एवढं लिखाण मी शाळेच्या उत्तरपत्रिकेखेरीज कधी पाहिलं नव्हतं.

तू लिहिलंस तसंच केलं. खिमा थोडा थोडा, पातळ पसरून, चार मिनिटं हात न लावता. हात बांधून उभी राहिले अक्षरशः. खालून तपकिरी पापुद्रा आला, मग उलथला आणि बाजूला काढून ठेवला. मशरूम बारीक चिरून कोरड्या पातेल्यात, पाणी आटून सुरकुतेपर्यंत. टोमॅटो अर्धे करून भट्टीत भाजले. राजम्याचा चौथा हिस्सा ठेचून घातला, रस्सा असा दाट झाला की पळी उभी राहील. गाजर आधी, ढोबळी मिरची आणि मका अगदी शेवटी, खिमाही शेवटची पंधरा मिनिटंच. उतरवल्यावर लिंबू. आणि जिऱ्याचं तू सांगितलेलं तर भारीच. मधल्या आचेवर दाणे हलवत राहायचे आणि एक दाणा उचलून नखाने दाबायचा. चिवट असेल तर कच्चं, कुरकुरीत मोडला की लगेच उतरवायचं. सहा वेळा केलं. सहाही वेळा मावशींची पळी गप्प.

मिठाच्या ओळीपाशी मात्र अडकले. तू लिहिलंयस, "आई घालायची त्याच्या निम्मं, दोन मुठी." आईच्या चार मुठी होत्या हे मला तोंडपाठ होतं. मग मी माझी मूठ मोजली. रोज हात जातो तसा जाऊ दिला आणि परातीत मीठ टाकत गेले. नऊ, भिंगरे. मी नऊ मुठी घालत होते. पातेलं तेवढंच. तूपतेलही तसंच वाढत गेलेलं. मला सगळं पाणचट लागायचं म्हणून मी घालत गेले, घालत गेले, आणि ते खात गेले, कारण डेपोत दुसरं मिळतं कुठे?

बाहेर सात नंबर बाकावर बसला होता. मला बघून हात हलवला. मी आत आले आणि थेट डॉक्टरीणबाईंकडे गेले. नऊ मुठींचं सांगितलं, नाकाचंही सांगितलं. बाई ओरडतील वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "शेवटचा कुठला वास आठवतो?" मी विचार केला. पंख्यावरचा जळका चिकट थर. तो खरवडायला मी स्टुलावर चढले होते आणि स्टूल सरकलं. डोक्याची मागची बाजू फरशीवर आपटली होती. त्याच दुखण्यात मी नऊ दिवस पडून होते. बाई म्हणाल्या, डोक्याला मागून मार बसला की असं होतं कधी कधी. गेलेला वास बहुतेक परत येत नाही.

म्हणजे हिशेब बघ. मी उठून दहाव्या दिवशी भटारखान्यात आले, तुझं पातेलं चाखलं, सगळ्यांसमोर म्हटलं, "हे काय, उकडलेलं पाणी? आईच्या जागेवर उभी राहायची लायकी नाही तुझी," आणि अख्खं पातेलं मोरीत ओतलं. तेव्हा माझं नाक गेलेलंच होतं. तुझ्या पातेल्यात काही खोट नव्हती. आज मला हे कळलं.

ताई


१५ मार्च

भिंगरे,

तुझ्या पत्रात दोनच शब्द. "आज कळलं?"

नाही. आज नाही कळलं.

दोनदा लिहून फाडलं हे पत्र. आता तिसऱ्यांदा लिहितेय आणि काही झालं तरी पेटीत टाकणार आहे. सर्दीबिर्दी काही झाली नव्हती. तू गेलीस त्यानंतर चारच दिवसांनी माझ्या लक्षात आलं. दूध उतू जाऊन जळलं, खोलीत धूर दिसत होता आणि मला वास नव्हता. मी लसणाची पाकळी ठेचून नाकाला लावली. साबण लावून बघितला. मग खाली बसले. तुझ्या पातेल्याचं तेव्हाच डोक्यात आलं, तिथल्या तिथे. तू अजून स्टँडजवळच्या मैत्रिणीच्या खोलीत राहत होतीस, वीस मिनिटांच्या अंतरावर. तीन आठवडे होतीस तू तिथे. मी चप्पल घालून दारापर्यंत रोज जायचे.

का नाही आले? मीच मला कितीदा विचारलंय. तुला खरं सांगितलं असतं तर सांगावं लागलं असतं की मला चव कळत नाही. आणि चव कळत नाही तर पातेल्यावर उभी कोण राहणार? तू. तुझ्या हाताला आईची चव आहे, हे मला तू बारा वर्षांची असल्यापासून माहीत होतं. मला ती जागा सोडायची नव्हती. एवढंच आहे. बहीण गेली तरी चालेल, जागा जाऊ नये, असा चोख व्यवहार केला मी. वर सहा वर्षं लोकांना सांगत राहिले की धाकटीच्या नाकावर राग, क्षुल्लक कारणावरून घर सोडलं.

स्वतःची इतकी चीड येते ना कधी कधी, की वाटतं आरशाला थोबाडीत मारावी.

माफ कर असं लिहिणार होते, पण ते तुझं तू बघ. मला जे करता येण्यासारखं आहे ते एवढंच, की ज्या लोकांसमोर तुला बोलले त्यांच्यासमोर खरं सांगायचं. २८ तारखेला ते सगळे असतील. ताटं वाढायच्या आधीच सांगेन, नंतर नाही. मग स्वयंपाकघर राहो नाही तर जावो. मावशी म्हणतात, बाई गं, आधी ते मिळव आणि मग सांग. पण मला माझी खात्री नाही. ते मिळालं की मी पुन्हा गप्प बसेन.

ताई


२९ मार्च

भिंगरे,

काल झालं ते जसंच्या तसं लिहिते.

पहाटेपासून लागलो. मावशींनी ढोबळी मिरची चिरली, मी बाकी सगळं. प्रत्येक दाणा नखाने मोडून बघितला. मिठाच्या मुठी मावशींना मोठ्याने मोजायला लावल्या, एक, दोन, बस्स. बारा वाजता सगळे आले. फेरीवरचे सोडून अडतीस जण. साहेब कोपऱ्यात, बाई वही घेऊन. मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि बाकावर चढले. मी म्हटलं, आधी ऐका, मग जेवा.

सगळं सांगितलं. नाक गेल्याचं, मोरीत ओतल्याचं, मला ते माहीत असल्याचं. ही कृती माझी नाही, माझ्या बहिणीची आहे, आणि तुम्ही नऊ दिवस खाल्लेलं पातेलं हेच होतं. मग सात नंबरकडे बघून म्हटलं, तुमची गाडी माझ्या मिठाने बंद झालीय.

बत्तीस नंबर म्हणाला, "म्हणजे सहा वर्षं आम्ही समुद्रच पीत होतो?" आणि दोघं-तिघं हसले. सगळे नाही हसले, हेही लिहिते. एक जण ताट ठेवून निघून गेला. त्याच्या भावाला मागच्या वर्षी झटका आला होता. त्याला अडवायला माझ्याकडे काही नव्हतं. सात नंबर उठला, ताट घेऊन माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "भिंगरी गेली तेव्हा मीच तुम्हाला म्हटलं होतं, ताई, तिला आणा. तुम्ही मला गप्प केलंत." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "वाढा."

मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. मला दुसरं काय बघता येतं? पहिल्या घासाला माणूस समोर बघतो. दुसऱ्या घासाला ताटात बघायला लागला की समजायचं, जमलं. एकेक मान खाली जात गेली, भिंगरे. सदतीसपैकी एकतीस जणांनी पुन्हा घेतलं. बाईंनी या वेळी वाटी तपासायला पाठवली तर खरी, पण दुसरी वाटी उभ्या उभ्या खाल्ली. आकडे आज आले, बसतात.

तर जिंकलो. आणि हरलो पण. साहेब म्हणाले, गॅसचा वास न येणाऱ्या बाईच्या हाती मी भट्टी देऊ शकत नाही, उद्या काही झालं तर? बरोबरच आहे त्यांचं. कागदावर "मुख्य आचारी" म्हणून नाक शाबूत असलेलं माणूस हवं, १५ एप्रिलच्या आत, नाही तर डबे सुरू. मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या, मला शिजवता येत असतं तर भांडी घासत बसले असते का?

त्या जागी मी तुझं नाव सांगितलंय. सही रिकामी आहे. मी मदतनीस म्हणून राहीन, किंवा नको असेन तर राहणार नाही, तेही तू ठरव. कीव येऊन येऊ नकोस. आईसाठी येऊ नकोस, ती असती तर तिने मलाच लाटण्याने हाणलं असतं. तुला ते पातेलं करायची हौस असेल तरच ये. आणि नाही आलीस तर ही जागा गेली त्यात तुझा काही दोष नाही, हे मी लिहून देते, हा कागद जपून ठेव.

ताई


१२ एप्रिल, दुपारी

भिंगरे,

तू तिथे भट्टीपाशी उभी आहेस आणि मी इथे कांद्यांच्या टेबलावर. मध्ये जेमतेम दहा पावलं. तरी लिहितेय. मावशी मघाशी म्हणाल्या, दोघी बहिणी ठार वेड्या आहात. पण तोंडाने बोलायला गेले की माझा आवाज आपोआप वरच्या पट्टीत जातो आणि मग मी काहीतरी भलतंच बोलून बसते. कागदावर बरं पडतं मला.

चार दिवस झाले तुला येऊन. शाळेची सुट्टी संपेपर्यंत राहीन, पुढचं पुढे, हे तू बॅग खाली ठेवायच्या आधीच सांगितलंस. बरं. सही केलीस, तेही माझ्याकडे न बघता. चार दिवसांत तू मला काय काय म्हणालीस ते मला पाठ आहे. "सरक." "आच कमी." "हे कुणी इथे ठेवलं?" आणि आज सकाळी पातेलं उतरवायच्या वेळी तू पळीभर रस्सा काढलास, फुंकर मारलीस आणि पळी माझ्यासमोर धरलीस. सवयीने. मी थोरली, आई गेल्यापासून आधी मी चाखायचे, मग पातेलं बाहेर जायचं. तुझा हात अर्ध्यावर थांबला. तुला आठवलं आणि मलाही. खिडकीशी लोक ताटं घेऊन उभे होते, मी तुझं पातेलं ओतलं तेव्हासारखेच.

तू पळी मागे घ्यायला लागलीस, तेव्हा मी तुझं मनगट धरलं आणि चाखलं. जीभ पोळली. मिरची लागली, लिंबू लागलं, बाकी काही नाही. मी म्हटलं, "मला कळत नाही. तू सांग."

तू चाखलंस आणि इतका वेळ लावलास की बत्तीस नंबर बाहेरून ताट वाजवायला लागला. मग म्हणालीस, "बरोबर आहे, ताई."

मी पाठ फिरवून कांद्यांकडे आले, त्याचा तुला राग आला असेल. मी रुसले नव्हते गं. माझं रडणं तुला दिसू नये एवढंच होतं. अकरा किलो कांदे चिरून झालेत आता, उद्याचे पण झाले.

हे पत्र तुझ्या ॲप्रनच्या खिशात टाकतेय. उत्तर लिहू नकोस. गर्दी ओसरली की माझ्या शेजारी ताट घेऊन बस आणि एकेक घास खाऊन मला सांग, काय काय लागतंय ते. जिरं कसं लागतंय, भाजलेला टोमॅटो कसा लागतोय, मशरूमचं नक्की काय होतं. घाई करू नकोस, नीट सांग. मला सगळं ऐकायचं आहे.

ताई